स्वखुशीने

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाहुणेरावळे म्हणतात, “आता पोरगी जाती ना शाळेत? मग कशाला जुनं उकरून काढता?” मी काही उकरून काढत नाही. ते वरच पडलेलं आहे, रोज पायात येतं.

आमची मुलगी चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. दोन खोल्या, दोन शिक्षक. मुलगी स्वमग्न आहे. हा शब्द आम्हाला ती पाच वर्षांची असताना पुण्याच्या दवाखान्यात कळला. त्याआधी गावात तिच्यासाठी दुसरे शब्द होते, ते मी इथं लिहीत नाही. ती बोलते, पण थोडं, आणि ओळखीच्या माणसांशीच. अचानक मोठा आवाज झाला, गर्दी झाली, किंवा ठरलेलं काही बदललं की तिच्या अंगाला कापरं भरतं. मग ती कुठला तरी कोपरा गाठते, कान दाबून धरते आणि स्वतःची मनगटं चावते. रोज संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारते, “उद्या काय हाय?” मग उठण्यापासून झोपेपर्यंत सगळं क्रमानं सांगायचं. मधली एखादी गोष्ट गाळली तर ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावते.

त्या शाळेतल्या बाईंना हे सगळं दुसऱ्याच महिन्यात उमगलं होतं. त्यांनी काही मोठं केलं नाही. पोरीला दाराजवळ बसवलं, वाटलं तर बाहेर ओट्यावर जाऊन बस म्हणाल्या, आणि रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात आज काय काय होणार ते लिहायला लागल्या. पोरगी चार वर्षं त्या शाळेत हसत गेली असं म्हणणार नाही, पण रडत कधी गेली नाही. हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं मला बऱ्याच शहाण्या माणसांनी समजावलं की अशा मुलांना खास सोयी लागतात आणि त्या आपल्याकडं नसतात. दाराजवळची जागा आणि एक खडू, एवढीच ती सोय होती.

पाचवीपासून हायस्कूल. ते शेजारच्या मोठ्या गावात, एका संस्थेचं, दुमजली, शेकड्यांनी पोरं. चौथीचा निकाल देताना बाई मला म्हणाल्या, “सुट्टीत, शाळा रिकामी असताना, तिला दोन-तीनदा नेऊन आणा. वर्ग दाखवा, संडास दाखवा, जिना दाखवा. एकदम गर्दीत नेऊ नका.”

मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. मे महिन्यात फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन आंघोळ केली, कपडे बदलले आणि मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलीत घालून हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडं गेलो. गावात त्यांना सगळे हेडसर म्हणत. ते दाखल्यांवर सह्या करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“अशा मुलांच्या शाळा असतात पुण्याला,” ते म्हणाले. “तिथं घाला.”

“सर, मी कुरकुंभला कामाला हाय. पुण्याला कसं जमंल?”

“तो तुमचा प्रश्न आहे.”

“पण सर, कायद्यानं—”

कायदा म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “प्रवेश देतो. नाही कुठं म्हणतोय? पण जबाबदारी तुमची.”

रिकामी शाळा दाखवायला आणू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “शाळा म्हणजे काय म्युझियम आहे का, बघायला?”

आणि मी काय म्हणालो असेन? “थँक्यू सर,” म्हणालो. मान लववून, फाइल छातीशी धरून. त्या थँक्यूचा राग मला आजही हेडसरांवरच्या रागापेक्षा जास्त येतो.

शाळा आम्हाला दाखवली ती शिपाई मामांनी. निवृत्तीला आलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. मी बाहेर पडताना गेटपाशी त्यांनी हाक मारली. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “आज थांबल्यात, न्हाईतर हेडसर दुपारच्यालाच जात्यात घरला. तवा आणा पोरीला. कुणाला सांगत बसू नका.”

तीन दुपारी आम्ही तिला नेलं. तिनं भिंतीवरून हात फिरवला, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, पाचवीच्या वर्गातल्या प्रत्येक बाकावर बसून पाहिलं. शाळेची घंटा विजेची होती, पाचवीच्या वर्गाबाहेरच भिंतीवर बसवलेली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “ही लई बोंबलती बघ. दिवसातनं कितींदा. वाजवू का एकदा? तू सांगशील तवाच वाजवीन.”

तिनं कान दाबले. बराच वेळ गेला. मग मान हलवली. मामांनी बटण दाबून लगेच सोडलं. ती थरथरली, पण पळाली नाही. दुसऱ्या दिवशी तीनदा वाजवली. तिसऱ्या दिवशी ती स्वतः बटणापाशी जाऊन उभी राहिली. माझी बायको तोंड फिरवून पदराला डोळे पुसत होती. मला वाटलं, जमलं. इतकं सोपं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. आमच्या प्लँटमधला एक जण आजारी होता. बायको तिला घेऊन गेली. मी आदल्या आठवड्यात हेडसरांच्या हातात एका पानाचं पत्र दिलं होतं: मोठे आवाज असतील तर आधी सांगा, दाराजवळ बसवा, घाबरली तर आईला फोन करा. खाली नंबर लिहिला होता. गेटवर बायकोला थांबवलं. पालकांना आत परवानगी नाही. पोरगी वर्गात दप्तर ठेवून मुलींच्या रांगेत शांत उभी राहिली, म्हणून बायको घरी आली.

त्यानंतर संस्थेचे पाहुणे आले आणि नव्या मुलांच्या स्वागताला हलगी आणि ताशा सुरू झाला. रांगेला अगदी लागून. हे आधीच ठरलेलं होतं. हेडसरांना माहीत होतं, वर्गशिक्षकांना माहीत होतं, ज्यांनी हलगीवाल्यांना बोलावलं त्यांना तर माहीत होतंच. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही तिला आदल्या संध्याकाळी सगळा दिवस क्रमानं सांगितला होता. त्यात हलगी नव्हती.

ती रांगेतून पळाली. सातशे डोळ्यांपैकी एकालाही दिसलं नाही. वर्गात हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, आणि सरांनी तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. बस्स. दप्तर बाकावर होतं आणि पोरगी गैरहजर होती.

मधल्या सुट्टीत बायकोला राहवेना म्हणून ती शाळेवर गेली. वर्गशिक्षक म्हणाले, “ती आज आलीच नाही.” शाळेच्या मागं विहीर आहे, पलीकडं कॅनॉल. बायको अनवाणी तिकडं धावली. चपला कुठं पडल्या ते तिला आजही आठवत नाही.

प्लँटमध्ये मोबाइल नेता येत नाही. गेटवरच्या सिक्युरिटीला फोन आला आणि निरोप माझ्यापर्यंत पोचला तो एवढाच: मुलगी सापडत नाही. मी कपडे बदलायलाही थांबलो नाही. कुरकुंभपासून शाळेपर्यंत मोटरसायकल कशी चालवली ते सांगता येणार नाही.

मी पोचलो तेव्हा मामांना ती सापडली होती. जिन्याखाली मोडके बाक रचून ठेवले होते, त्यांच्यामागं. तीन-साडेतीन तास ती तिथं बसून होती. कपडे ओले झाले होते, दोन्ही मनगटांवर दातांचे वळ आणि रक्त. मी तिला उचलायला वाकलो, आणि तिनं तोंड फिरवून किंकाळी फोडली. माझ्या अंगाला कंपनीचा वास होता. एरवी मी आंघोळ केल्याशिवाय तिच्या जवळ जात नाही, हा आमचा नियम होता. त्या दिवशी जवळ जायची सगळ्यात जास्त गरज होती आणि मी चार हात लांब उभा होतो.

हेडसर आले. पाहुणे गेले होते. त्यांनी बाकांमागं वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सापडली ना? मग झालं.”

मी त्या दिवशी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी राहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तिला घरीच ठेवायला हवं होतं, हे आता कळतं. पण संध्याकाळी तिनं “उद्या काय हाय?” विचारलं होतं, आणि काय सांगावं ते न सुचून बायकोनं ‘शाळा’ म्हटलं होतं. एकदा सांगितलं की ते बदलता येत नाही. म्हणून तिघं गेलो. बायको आणि पोरगी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या, मी आत गेलो.

मी ठरवून गेलो होतो की शांतपणे विचारायचं. हजेरी कशी घेतली, फोन का केला नाही. हेडसर म्हणाले, “तुम्ही मलाच जाब विचारताय? काल पाहुण्यांसमोर शोधाशोध करायची वेळ आली असती तर शाळेची अब्रू गेली असती. नशीब, ते गेल्यावर कळलं.”

नशीब. माझी पोरगी जिन्याखाली रक्त काढत बसली होती आणि ह्या माणसाचं नशीब पाहुण्यांच्या गाडीबरोबर चाललं होतं. मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण माझा आवाज वरच्या मजल्यावर गेला, वर्गावर्गांतून पोरं खिडक्यांना लोंबकळली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मेपासून घशात अडकलेलं बाहेर पडत होतं.

मी दार ढकलून बाहेर आलो तर माझी मुलगी बाकाखाली होती. कान दाबलेले, डोळे विस्फारलेले. आणि ते डोळे माझ्याकडं बघत होते. हेडसरांकडं नाही, घंटेकडं नाही. माझ्याकडं.

त्या संध्याकाळी तिनं तिचा प्रश्न बदलला. “उद्या पप्पा वरडणार?”

“नाही,” मी म्हणालो.

“परवा?”

“नाही.”

“तेरवा?”

पाऊस संपून हवा कोरडी झाली तरी ती हे विचारत होती. तिच्या हातून शाळा सुटली ती हलगीमुळं अर्धी आणि माझ्यामुळं अर्धी. दोन-अडीच महिने तिनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. गणवेश दोरीवर दिसला तरी ती दुसऱ्या खोलीत जायची. शाळेतून एकदाही कुणी विचारायला आलं नाही.

आले ते आबा. आबा म्हणजे माझे वडील. घर एकच आहे आमचं, पण आबा समोर येऊन बसले की ते कुठून तरी आल्यासारखेच वाटतात. गावात त्यांचा शब्द चालतो, सोसायटीत, पंचायतीत, आणि ती हायस्कूलची संस्था ज्यांच्या हातात आहे ते आमचे भाऊबंदच. एका दुपारी आबांनी मला आणि बायकोला समोर बसवलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“हेडसर तक्रार करणार व्हते तुझ्यावर,” ते म्हणाले. “ग्लास फोडला, शिव्या दिल्या. म्या मिटवलंय. फकस्त ह्याच्यावर सही कर.”

कागद शाळेच्या क्लार्कनं टाइप केलेला होता. माझं नाव आधीच घातलं होतं. मी माझ्या पाल्याचा दाखला स्वखुशीने काढून घेत आहे. पाल्याच्या स्वभावामुळे तिला शाळेत शिक्षण घेणे शक्य होत नाही. याबाबत माझी शाळेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

“आबा, ती शिकती. चौथीपर्यंत शिकली ना?”

“शिकली न्हाई कोण म्हणतंय? लिवता-वाचता येतंय तिला, बास झालं की. आपल्याला काय तिला कलेक्टर करायचीय? घरी राहूंदे, आईच्या हाताखाली. रोज कुणाच्या दारात जाऊन अपमान करून घ्यायचा?”

आबा वाईट माणूस नाहीत. नातीसाठी ते बाजारातून न चुकता चिक्कू आणतात, कारण ती तेवढंच फळ खाते. म्हणूनच मला जास्त चीड आली. शत्रू असता तर सोपं होतं. इथं माझाच बाप, माझ्याच पोरीची शाळा, माझ्याच सहीनं, प्रेमानं बंद करत होता. आणि खरं सांगायचं तर मी पेन हातात घेतलं होतं. मी थकलो होतो. ‘उद्या पप्पा वरडणार?’ ऐकून ऐकून मला माझीच भीती बसली होती. वाटलं, सही करू, घरी ठेवू, निदान ती घाबरणार तरी नाही.

माझी बायको आबांसमोर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. तिनं तो कागद माझ्या पुढ्यातून उचलला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचला. ‘स्वखुशीने’पाशी थांबली.

“आबा, कुणाची खुशी म्हणायची ही?” तिनं विचारलं. “माझी तर न्हाई. ह्यांची न्हाई. पोरीला तर कुणी विचारलंच न्हाई.”

आबांनी कागदासाठी हात पुढं केला.

“मग ह्या कागदात खोटं लिवलंय,” ती म्हणाली. “आन् खोट्यावर आमच्या घरातली सही व्हणार न्हाई.” तिनं कागदाची घडी घातली. आबांना वाटलं ती परत देईल. तिनं ती स्वतःच्या पिशवीत ठेवली. “असूंदे. लागंल.”

आबा उठून बाहेर गेले. महिनाभर ते आमच्याशी बोलले नाहीत, पण चिक्कू मात्र येत राहिले.

बायकोचं माहेर मांडवगण फराट्याचं. तिची वहिनी तिथं अंगणवाडीत सेविका आहे. वहिनीकडून कळलं की तालुक्याला अशा मुलांसाठी विशेष शिक्षक नेमलेले असतात, ते शाळेत येऊन मार्ग काढतात. हे आम्हाला चार-पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग बायको दौंडला गेली, चौकशी करत करत त्या विशेष शिक्षिकेपर्यंत पोचली, आणि तिच्यासमोर तो कागद ठेवला.

शिक्षिका आमच्या घरी स्कूटीवर आल्या. तरुण, उन्हानं रापलेल्या, हेल्मेट काखेत. दोन तास पोरीपासून लांब बसून नुसत्या बघत होत्या. जाताना मला म्हणाल्या, “शाळेत मी बोलेन. तुम्ही येणार असाल तर एका अटीवर. आवाज चढवायचा नाही.”

“अन् हेडसरांनी चढवला तर?”

“चढवूदेत. आपल्याला ते लिहून घेता येतं.”

त्या दिवशी मी हेडसरांच्या ऑफिसात खुर्चीच्या कडा धरून बसलो होतो. विशेष शिक्षिका बाईंनी एकही शब्द मोठ्यानं उच्चारला नाही. टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, “हा मसुदा पालकांनी तयार केलाय का शाळेनं?” हेडसरांनी क्लार्ककडं पाहिलं, क्लार्कनं खिडकीबाहेर. बाई म्हणाल्या, “मुलगी शाळेच्या पटावर आहे, तिला काढता येणार नाही, आणि तिला लागेल ते करणं ही शाळेची जबाबदारी आहे. पालकांची नव्हे.” जबाबदारी हा शब्द त्यांनी कुठून आणला असेल? मी त्यांना मेमधलं बोलणं सांगितलं नव्हतं. बहुतेक सगळेच हेडसर तेच म्हणत असतील.

मला वाटलं होतं हेडसर भांडतील. ते भांडले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, “आमचं सहकार्य आहेच पहिल्यापासून.” माझी बोटं खुर्चीच्या पत्र्यात रुतली होती. ओरडणं किती सोपं असतं, ते मला त्या पाऊण तासात कळलं.

त्यानंतर मी अर्ज लिहायला शिकलो. प्रत्येक गोष्ट कागदावर, दोन प्रती, एकीवर हेडसरांची सही, शाळेचा शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. दाराजवळची जागा: अर्ज. आईला व्हरांड्यात बसू द्यावं: अर्ज. स्पीकर लावायचा असेल तर आदल्या दिवशी कळवावं: अर्ज, आणि कळवलं नाही म्हणून दुसरा अर्ज. माझा राग नाहीसा झाला नव्हता. त्याला आता शिक्के बसत होते, एवढंच.

पोरगी परत शाळेत गेली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. पहिले चार दिवस नुसती गेटपर्यंत. मामा गेटवर उभे राहून तिला म्हणायचे, “आज आत न्हाई यायचं. आज निस्तं बघायचं.” मग व्हरांडा. मग एक तास. मग दोन. मी कंपनीत साहेबांना विनंती करून कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. सकाळी तिला मोटरसायकलवर शाळेत सोडायचो, बायको व्हरांड्यात सतरंजीवर बसायची, मेथी निवडत, स्वेटर विणत. त्याची किंमत अशी की संध्याकाळी मी घरी नसायचो. “उद्या काय हाय?” ह्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्याकडून गेलं. ते आता बायकोचं झालं.

वर्गातल्या पोरांना तिची सवय व्हायला आठवडाही लागला नाही. घंटा व्हायच्या आधी शेजारची मुलगी तिच्या दंडाला बोट लावायची, की हिनं कान दाबायचे. कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांचं विचारू नका. एक सर तिला वर्षभर ‘मौनीबाबा’ म्हणत राहिले. आम्ही अर्ज दिला, तर म्हणाले, “गंमत करतो हो.” ही कसली गंमत ते मुलांनाही कळत होतं; एकही मूल हसत नव्हतं.

सहावीच्या शेवटाला हेडसर निवृत्त झाले. मोठा कार्यक्रम ठेवला, मांडव, स्पीकर, फेटे. आदल्या दिवशी मला निरोप आला की मुलीला घेऊन या, स्टेजवर सरांना गुच्छ तिच्या हातून द्यायचाय, फोटो काढायचाय. मी कळवलं, ती स्पीकरच्या जवळ उभी राहू शकत नाही. परत निरोप आला, दोनच मिनिटं. मी म्हणालो, नाही.

मी एकटा गेलो. का गेलो ते मलाही माहीत नाही, बहुतेक ऐकायला. भाषणात हेडसर म्हणाले, “माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं समाधान म्हणजे आपल्या शाळेत एक दिव्यांग कन्या शिकतेय. अनेकांनी विरोध केला, पण मी तिला दूर लोटलं नाही.” टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी आबा बसले होते, फेटा बांधून. त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले, माझ्याकडं पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवले. मी उठलो आणि मांडवाच्या बाहेर आलो. ओरडलो नाही. बाहेर मामा खुर्च्या लावत होते. ते म्हणाले, “ऐकलं व्हय?” मी मान हलवली. ते म्हणाले, “म्या बी ऐकलं,” आणि खुर्च्या लावत राहिले. माझ्या कपाटात सव्वीस अर्जांच्या प्रती आहेत, प्रत्येकीवर त्याच माणसाची सही, आणि गाव मात्र त्याचं भाषण लक्षात ठेवणार. ह्यावर काही उपाय नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहितोय.

सातवीला नव्या मुख्याध्यापिका आल्या. दुसऱ्या गावाहून बदलून आलेल्या. शाळा सुरू होण्याआधी त्यांनी आम्हाला तिघांना बोलावलं. मी माझी फाइल घेऊन गेलो होतो, लढायच्या तयारीनं. त्यांनी फाइल बाजूला सारली. मला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही. त्या खुर्ची जरा मागं घेऊन बसल्या आणि हळू आवाजात पोरीला म्हणाल्या, “तुला वर्गात काय नको वाटतं?”

मी तोंड उघडणार होतो. बायकोनं माझा हात दाबला. आम्ही बसून राहिलो. बराच वेळ. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडं पाहिलं नाही.

“पंखा,” पोरगी म्हणाली.

“पंखा काय करतो?”

“वाजतो. कटकट कटकट. माझ्या डोक्यावरचा.”

मी बायकोकडं पाहिलं. पाचवीचं अर्धं वर्ष आणि सहावीचं पूर्ण वर्ष ती दाराजवळ तसल्याच वाजणाऱ्या पंख्याखाली बसली होती. ती जागा आम्हीच अर्ज करून मिळवली होती. आणि सव्वीस अर्जांमध्ये मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी मामांना हाक मारली आणि सातवीच्या वर्गातले पंखे लावून बघायला सांगितलं, कुठला वाजत नाही ते. पोरगी मामांच्या मागं मागं गेली, एकेका पंख्याखाली उभी राहून वर बघत. मी ऑफिसातच बसून होतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पाणी घेता का?” माझा चेहरा तसा झाला असावा. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण तोंडून शब्द फुटेना. इतका राग आला होता. एवढंच तर विचारायचं होतं.